सासूचा निळा

करडी गावात रिताला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि ती नेमकं काय करते ते धड सांगू शकेल असाही सापडणार नाही. कुणी तिला मोडवाली समजतं, कुणी वेल्डिंगवाली. शाळेतल्या पोरी म्हणतात आर्टिस्ट, पण त्याही जरा दबकतच म्हणतात. आर्टिस्टच्या कपड्यांना रंगाचे डाग असायला हवेत ना. रिताच्या साडीला मात्र जळक्याची बारीक बारीक भोकं असतात, चाळणीसारखी.

तर तिचं काम असं. भंडाऱ्याच्या मोडवाल्याकडून ती पाणी भरायचे जुने तांब्याचे गुंड आणते, फुटके, पिचलेले, लग्नात कुणीतरी आहेर केलेले आणि आता घरात आरओ आला म्हणून विकून टाकलेले. त्यांचं पोट कापून उघडायचं, लाल तापवून पाण्यात बुडवायचं, म्हणजे तांबं मऊ पडतं. मग हातोडीने ठोकून ठोकून सपाट पत्रा करायचा. आणि त्या पत्र्यावर गॅसच्या ज्योतीने चित्र काढायचं. ब्रश नाही, डबी नाही. ज्योत जवळ नेली की तांबं आधी पिवळसर होतं, मग नारिंगी, मग डाळिंबी, मग जांभळं. हात कुठे थांबवायचा आणि कुठे उचलायचा, एवढीच सगळी कला. हा हात ती नाकाडोंगरीला, बापाच्या वेल्डिंगच्या दुकानात शिकली. ताराचंद वेल्डरची पोरगी ती. पुढे नागपूरला जाऊन चित्रकलेचा डिप्लोमा केला, मग जागेश्वरशी लग्न झालं, आणि जागेश्वरने, माणूस भला, गोठ्याला लागून तिला टिनाचं एक शेड टाकून दिलं.

पण जांभळ्याच्या पुढे एक निळा असतो. पापणी लवेपर्यंत दिसतो आणि जातो. अकरा वर्षं रिता त्या निळ्याच्या मागे लागली होती. ज्योतीने जमेना म्हणून तिने अमोनियाच्या बाटल्या आणल्या. पत्र्यावर मीठ लावायचं, अमोनियाच्या वाफेवर डब्यात कोंडून ठेवायचं, म्हणजे तांब्याला निळसर गंज चढतो. तिलाही चढायचा. पण भुकटीसारखा, खडूसारखा. बोट लावलं की बोटाला यायचा.

आणि नेमका तोच निळा अंजू मॅडमला हवा होता.

अंजू मॅडमची नागपूरला गॅलरी आहे. जानेवारीत पाच जणांचं प्रदर्शन, प्रत्येकाला एक अख्खी भिंत. त्यांनी फोनवर सांगितलं, "रिता, एक भिंत तुझ्यासाठी धरून ठेवलीय. पण सगळं लाल-तपकिरीच असेल तर लोक बघतात आणि पुढे जातात गं. मला त्यात निळा दे. तुमच्या गावची मंडईची जत्रा कधी आहे? त्या दिवशी येते. मंडईही बघते, तुझं कामही बघते, आणि तिथेच ठरवते."

रिताने फोन ठेवला आणि तीन दिवस शेडमधून फक्त जेवायला बाहेर आली. अख्खी भिंत. आजवर तिचे पत्रे लागले होते ते कुठे जिन्याखाली, कुठे बँकेच्या वेटिंग हॉलमध्ये, एकदा तर हात धुवायच्या बेसिनवर.

चौथ्या दिवशी सासू शेडमध्ये आली. शकुनबाई. वय साठ, नाकाला पदर लावलेला.

"काय व हा वास," ती म्हणाली, "म्हशीचे डोये झोंबून राहिले तिकडे. काय हाय थे बाटलीत?"

"अमोनिया हाय, आई. निळ्यासाठी लागते."

शकुनबाईने पदर खाली घेतला, नाक पुढे केलं आणि दोनदा हुंगलं. "हा तं गोठ्यातला वास हाय. मुताचा. यासाठी तू पैसे देते?"

रिताने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. शकुनबाईने कोपऱ्यातला तांब्याचा तुकडा उचलला.

"हा सुरकुतलेला तुकडा कायचा?"

"बिघडला थो. घेऊन जा, कायवर तरी झाकण होईल."

शकुनबाई तो तुकडा घेऊन गेली. म्हणजे बघा, सगळी गोष्ट रिताने स्वतःच्या हाताने सुरू करून दिली.

आठ दिवसांनी सकाळी ओट्यावर गडबड ऐकू आली. रिता बाहेर आली तर सासू धानाच्या कोंड्याने भरलेलं एक पोतं उकलत बसलेली, बाजूला गुड्डी, रिताची पोरगी, आठवीतली, फोन उगारून शूटिंग करत होती.

"आजी, हळू काढ. हं, आता इकडे पाहा."

"मले कायले पाहाले सांगते, पत्र्याले पाह्य."

ओला कोंडा झटकला आणि तो तुकडा उन्हात आला.

नीलकंठ पाखरू तारेवर बसलेलं असतं तेव्हा मातकट दिसतं. ते उडतं आणि पंख उघडतं तेव्हा जो निळा दिसतो, तो. तोच अख्ख्या पत्र्यावर पसरलेला. शकुनबाईने पत्र्याला मीठ चोळून, त्यावर पळसाची पानं आणि धानाच्या लोंब्या मांडून, गोमूत्रात भिजवलेल्या कोंड्यात दाबून ठेवला होता. पानं होती तिथे तांबं तसंच राहिलेलं, लालसर, शिरा न् शिरा उमटलेल्या. आणि भोवती निळाच निळा. रिताने बोट फिरवलं. बोट कोरडं राहिलं.

तिने नख लावून पाहिलं. नखालाही काही आलं नाही.

"कसं झालं व?" सासूने विचारलं. विचारताना नजर पत्र्यावर, पण कान सुनेकडे.

"चांगलं झालं," रिता म्हणाली. आणि लगेच, "पण टिकणार नाई. असा गंज उडून जाते. वरून लॅकर माराव लागते, पारदर्शक राहते थे, मंग पक्का होते."

"मंग मारून दे ना."

"उद्या मारते."

हा उद्या मोठा लांबला. दुसऱ्या दिवशी हवा दमट होती. तिसऱ्या दिवशी रिताला म्हणे डोकेदुखी होती. चौथ्या दिवशी लॅकरचा स्प्रे संपला असं तिने सांगितलं, आणि संपला नव्हता, सिमेंटच्या पोत्यामागे उभा होता. कुणी ठेवला होता ते सांगायला नको. शकुनबाई रोज सकाळी चहाचा कप हातात देताना विचारायची, "आज?" आणि रिता म्हणायची, "पाहू." शेवटी सासूने तो पत्रा तसाच ओट्यावरच्या खिळ्याला टांगून दिला आणि विचारणं बंद केलं.

तिने बंद केलं, पण गाव थोडंच बंद करणार. ओट्यावरून जाणारी प्रत्येक बाई थांबायची.

"शकुनबाई, हे तुमच्या सुनेनं केलं काय?"

"नाई व. हे म्या केलं."

"तुमी? कशानं?"

"गाईच्या मुतानं," शकुनबाई शांतपणे सांगायची, आणि मग शेडकडे बघत, ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "आमची सून बत्ती घेऊन निळा धुंडून राहिली, अन् निळा बसला होता बाजूच्या गोठ्यात."

आत रिताची हातोडी जरा जोरात पडायची. त्या आठवड्यात तिने दोन पत्रे फाडले.

एका पहाटे, सगळे उठायच्या आत, तिने काय केलं असेल? तिने स्वतः एक पत्रा घेतला, मीठ चोळलं, पानं मांडली, गोमूत्राची बादली आणली आणि कोंड्यात दाबून धानाच्या तणसाच्या ढिगामागे लपवून ठेवला. डिप्लोमावाली बाई, स्वतःच्या घरात चोरासारखी. आठ दिवस दम निघेना, चौथ्याच दिवशी उकरून पाहिलं. पत्र्यावर तपकिरी डाग होते, सारवणाचं पाणी उडाल्यासारखे. विचारलं असतं तर शकुनबाईने सांगितलंही असतं की कोंडा किती ओला हवा, मीठ जाडं की बारीक. पण विचारायचं म्हणजे तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, मला शिकवा. रिताला त्यापेक्षा तपकिरी डाग परवडले.

त्यात गुड्डीने आजीचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. मॅडमकडे तिचा नंबर होता, आईच्या पत्र्यांचे फोटो तीच पाठवायची. अर्ध्या तासात अंजू मॅडमचा फोन, तोही रिताला नाही, गुड्डीला.

"बेटा, हा निळा कुणाचा?"

"आजीचा."

"आजीला दे फोन."

गुड्डीने स्पीकर लावला. रिता चुलीजवळ उभी होती, हातात पोळी, आणि तवा धुरकटायला लागला तरी पोळी काही तव्यावर पडेना.

"शकुनबाई, मी अंजू बोलते नागपूरहून. फार सुंदर केलंय तुम्ही."

"हौ, लोक म्हणून राहिले तसं."

"कुठे शिकलात?"

"शिकाले काय, पंचेचाळीस वर्ष गोठ्यात गेले माहे. तांब्याचा लोटा गोठ्यात राहिला की कसा होते हे मले नाई तं कोणाले मालूम राहील?"

मॅडम खूप हसल्या. "मी मंडईला येते आहे. तो पत्रा मला प्रत्यक्ष बघायचाय. आधी तोच बघणार."

आधी तोच. रिताने तवा उचलून दुसऱ्या चुलीवर ठेवला, मग परत पहिल्या चुलीवर ठेवला. अकरा वर्षं. अकरा वर्षं बोटं भाजून घेतली, भुवया जाळून घेतल्या, आणि आधी तोच बघणार. तिला आठवलं, बेसिनवरच्या पत्र्यासमोर एका माणसाने खांदा वाकडा करून हात धुतले होते आणि पत्र्यावर पाणी झटकलं होतं. तेव्हासुद्धा तिला इतकं लागलं नव्हतं.

मंडईच्या आदल्या संध्याकाळी आसगावहून कुंताबाई आली. शकुनबाईची धाकटी बहीण. आमच्याकडे दिवाळीनंतर एकेका गावची मंडई लागते आणि त्या दिवशी त्या गावात घरोघर पाहुणे असतात, त्यामुळे घर कसं असायला पाहिजे, तर लखलखीत. फळीवरची तांब्या-पितळेची सगळी भांडी खाली उतरतात, घासली जातात आणि पुन्हा रांगेत चढतात. पाहुणा आधी फळीकडे बघतो आणि मग घरच्या बाईकडे. कुंताबाईचे हात तर असे की रिकामे राहिले तर त्यांना खाज सुटते. सकाळी उठली, चहा घेतला, पदर खोचला आणि स्वतःच फळी उतरवायला लागली.

"मावशी, राहू द्या ना, मी करते," रिता म्हणाली.

"तू तुह्या ठोकाठोकीले जाय. तुही मॅडम येऊन राहिली ना. मी बसल्या बसल्या करून टाकते."

शकुनबाई वड्याचं पीठ दळायला चक्कीवर गेली होती. जागेश्वर मंडईच्या मंडपाला बांबू पोचवायला ट्रॅक्टर घेऊन गेलेला. गुड्डी झुले लागले का ते बघायला गेली ती गेलीच. घरात दोघीच. कुंताबाई अंगणात पाटावर बसली, एका वाडग्यात चिंचेचा कोळ, एकात चुलीची राख, हातात नारळाची शेंडी. आणि समोर रांग लावली. आधी मोठी परात. मग दोन गुंड. मग लोटा. मग तिची नजर ओट्यावर गेली.

"काय व बाई, एवढं चांगलं तांबं अन् पार हिरवं होऊ देलं," ती स्वतःशीच म्हणाली, उठली, खिळ्यावरून पत्रा काढला आणि रांगेत लोट्याच्या मागे ठेवून दिला.

रिता शेडच्या दारात उभी होती. हातात पाण्याचा गिलास.

आता हे नीट समजून घ्या. पत्रा लगेच घासला गेला नाही. तो रांगेत पाचवा होता. आधी परात व्हायची होती, आणि कुंताबाईची परात म्हणजे काही दोन हात मारले आणि झालं असं नाही, काठाच्या आत, काठाच्या बाहेर, कडीच्या मागे. मग गुंड, एक. मग गुंड, दुसरा. मग लोटा. एवढ्या वेळात माणूस करडीच्या चौकात जाऊन परत येतो. रिताला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मावशी, तो राहू द्या. चार शब्द.

परात झाली. रिताने पाण्याचा घोट घेतला.

पहिला गुंड झाला. तिच्या मनात आलं, मी बोललेच नाही तर कुणाला कळणार आहे? मी आत होते. मला काय माहीत.

दुसरा गुंड झाला. तिच्या मनात आलं, लॅकर मारला असता तरी चिंचेने आणि राखेने गेलाच असता, थोडा तरी. हे खोटं होतं आणि ते तिला माहीत होतं. लॅकर मारलेला पत्रा शकुनबाईने खिळ्याला नाही, आत देवघराशेजारी टांगला असता.

कुंताबाईने लोटा उचलला.

रिता आत गेली आणि तिने गॅसची ज्योत पेटवली. मोठी केली. ज्योतीचा तो फर्रर्र आवाज एवढा असतो की अंगणात कुणी काही घासत असेल तर ऐकू येत नाही.

खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं. ज्योत बंद करून बाहेर डोकावली तेव्हा निळं-हिरवं पाणी अंगणाच्या उतारावरून केळीच्या आळ्याकडे चाललं होतं, आणि तिला ठसठसणारा काटा निघाल्यासारखं बरं वाटलं.

थोड्या वेळाने शकुनबाई पिठाचा डबा कमरेवर घेऊन आली. कुंताबाईने पत्रा दोन्ही हातांनी वर धरला. आरशासारखा. "पाह्य ताई, कसा काढला. पार गंज चढला होता. तुही सून भांड्यांकडे ध्यान नाई देत काय व?"

शकुनबाई उभी राहिली. पत्र्यात तिचं तोंड दिसत होतं, डबा दिसत होता, मागचं आभाळ दिसत होतं.

"देते," ती म्हणाली. "देते ना ध्यान." मग डबा खाली ठेवून तिने पत्रा हातात घेतला, दुसऱ्या बाजूने उलटवून पाहिला. तिथेही लखलखीत. "लय चमकवला व कुंता. हात दुखले असतील तुहे."

"छ्या. कायचे दुखते."

"चाल, चहा ठेवते."

बस, एवढंच. ना रडणं, ना ओरडणं. पाहुण्या बहिणीला वाईट वाटू नये म्हणून तिने ते सगळं गिळलं. फक्त चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. रिताने खिडकीतून पाहिलं. शकुनबाई चुलीसमोर बसली होती. चहा उतू जाऊन चूल विझत आली होती, आणि ती अंगठ्याने त्या पत्र्याच्या मधोमध काहीतरी शोधत होती, जिथे पळसाचं पान होतं तिथे.

रिताचं बरं वाटणं तिथे संपलं. पण संपलं म्हणून काही करता आलं, असंही नाही.

दुपारी अंजू मॅडम आल्या. पांढरे केस, खादीचा झोळा, पायात स्पोर्ट शूज. ओट्यावरच्या खाटेवर बसल्या, कुंताबाईने दिलेला वडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाल्या, "चला, दाखवा. आधी तो निळा."

"थे गेलं, मॅडम," शकुनबाई म्हणाली. "घासल्या गेलं."

कुंताबाईचा हात वड्यांच्या ताटात तसाच राहिला. "काय घासल्या गेलं?"

"काही नाई व. तू वडे वाढ."

"थो पत्रा काय? ताई, थो पत्रा काय व? मले काहून नाई सांगतलं कोणी? मले वाटलं गंज हाय..."

"गंजच होता. गंजच असते थे. होते असं." आणि शकुनबाई उठली. "मॅडम, तुमी माह्या सुनेचं काम पाहा. थ्यासाठी आले ना तुमी."

आणि ती स्वतः शेडमध्ये गेली. एकेक पत्रा दोन्ही हातांनी, काठांना धरून, चित्राला बोट लागू न देता बाहेर आणायला लागली. रिताला ते बघवेना. सासू पत्रा कसा धरायचा हे कधी शिकली? कुणी शिकवलं? कुणीच नाही. अकरा वर्षं बघत होती, एवढंच.

"हे पाहा, हे आमच्या वावरातल्या धानाच्या बांध्या हाय. इथं नारिंगी हाय ना, इथं तिचा हात भाजला होता, तरी सोडलं नाई तिनं. अन् हे जांभळं, हे लोकाईले जमत नाई."

मॅडम खाटेवरून उठून जमिनीवर बसल्या. चष्मा काढून, पत्र्याला नाक लावून बघितलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "रिता, भिंत तुझी. नऊ पत्रे नेते मी. आणि डिसेंबरपर्यंत मला तसे तीन निळे करून दे. सासूबाईंनी केलं ती पद्धत तुला माहीत असेलच. तुमच्या घरातलीच आहे."

भिंत तुझी. हे ऐकायला रिता अकरा वर्षं थांबली होती. आता फक्त मान हलवायची होती. हो म्हणायचं होतं. शकुनबाई काही बोलली नसती, ती तर हातात पत्रा धरून सुनेच्या कौतुकाने, हो कौतुकानेच, बघत होती. आणि रिताला तिचा राग आला. आत्तासुद्धा हीच मोठी होणार. आत्तासुद्धा.

"मले नाई येत," रिता म्हणाली.

"काय नाही येत?"

"निळा. मी चोरून करून पाह्यला. नाई जमला. थो आईचाच हाय." आणि एकदा तोंड उघडलं तसं पुढचंही आलं. "अन् लॅकर संपला नव्हता. मी लपवून ठेवला. अन् मावशी घासून राहिली होती तं मी दारात उभी होती. मले दिसत होतं. मी नाई बोलली."

 दूर मंडईच्या मैदानातून पिपाण्या ऐकू येत होत्या. कुंताबाई खाली बसली, ताट मांडीवर घेऊन.

"माह्या हातानं करवलं तू," ती हळूच म्हणाली. "मी पाहुणी, अन् माह्या हातानं."

मॅडम चष्मा पुसायला लागल्या, जो पुसलेलाच होता.

शकुनबाईने हातातला पत्रा खाटेवर ठेवला. नीट, सुलटा. मग सुनेकडे वळली. "काहून?"

"जळत होती मी."

"कायवर? मुताच्या पत्र्यावर?"

"हौ."

"मंग तोंडानं म्हणाचं होतं ना. आई, मी जळून राहिली. म्हणाचं होतं." शकुनबाईचा आवाज आता चढला. सकाळपासून गिळलेलं सगळं वर यायला लागलं. "तुले काय वाटते, मी नाई जळली? तू आली या घरात अन् दोन वर्षात लोक पत्ता कसा सांगाले लागले? रिताच्या घराजवळ. रिताच्या घरासमोरून. पंचेचाळीस वर्ष सारवलं मी हे घर. माहं नाव पोस्टमनलेसुद्धा मालूम नाई. म्या केलं काही? तुहे पत्रे घासले काय मी?"

"नाई."

"घासाले किती वेळ लागते? रोज सांजच्याले हातात राखच राहते माह्या."

रिता रडत होती, पण मान खाली घालून नाही. सासूकडे बघत रडत होती. "एवढ्या जळत होत्या तं मंग एवढे टोमणे कायले मारले? निळा गोठ्यात बसला म्हणे. साऱ्या गावाले सांगतलं."

"मारीन ना. निघाला माह्या हातानं, मी मारीन नाई तं कोण मारंल?"

मॅडमनी चष्मा घातला. "ऐका," त्या म्हणाल्या. "असं करूया. एक भिंत, दोघींची नावं. सासू-सून मिळून केलेलं काम असं..."

"मिळून नाई," शकुनबाई म्हणाली.

"मिळून नाई," रिताही म्हणाली, त्याच क्षणाला.

"मिळून केलंच नाई तं मिळून कसं लिवता?" शकुनबाई म्हणाली. "मले माही वेगळी भिंत पाहिजे."

"माझ्याकडे पाचच भिंती आहेत हो. चार दिल्यात."

"मंग अर्धी अर्धी."

मॅडमनी रिताकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी तिच्याकडे अख्खी भिंत होती. तिने डोळे पुसले. "अर्धी चालंल," ती म्हणाली. "पण दाराकडची अर्धी माही. लोक दारातून येते, आधी थे पाहते."

"दाराकडची काहून तुही? तुहे नऊ आधीच तयार हाय. मले अजून सारे कराव लागंल, कोंडा भिजवण्यापासून. दाराकडची माही."

"आई, अकरा वर्ष झाले मले."

"मले पंचेचाळीस."

"थे गोठ्यातले."

"गोठ्यातूनच निघाला ना निळा?"

कुंताबाई उठली आणि तिने मॅडमच्या ताटात तिसरा वडा वाढला. मॅडमनी तो खाता खाता सांगितलं की भिंत अठरा फूट लांब आहे, आणि कुणाचं काय कुठे लागेल ते पुढच्या आठवड्यात कळवलं तरी चालेल. पण ऐकायला कोण होतं? शकुनबाई गोठ्याच्या भिंतीसमोर उभी राहून पावलांनी मोजत होती, टाचेला बोट लावून, एक, दोन, तीन. अठरा झाल्यावर तिने चुलीजवळचा कोळसा आणला आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

रिता मागे सरकून बघत राहिली. एक डोळा मिटून, पत्रा कापायच्या आधी बघते तसं.

"रेघ माह्याकडे सरकली, आई."

"तुही नजर सरकली हाय."

"चार बोटं सरकली. मोजून घ्या."

"मोजलं मी."

रिताने पदराच्या टोकाने ती रेघ पुसली, सासूच्या हातातून कोळसा घेतला आणि नव्याने ओढायला लागली. शकुनबाई तिच्या खांद्यामागे उभी राहून, डोळे बारीक करून, कोळशाच्या टोकावर नजर ठेवून होती.